दातांच्या दवाखान्यातलं डिझेल इंजिन

टाळेबंदीत दवाखाना बंद होता, तेव्हा मी ते इंजिन घेतलं. आम्हा दातांच्या डॉक्टरांचं सगळं काम लोकांच्या उघड्या तोंडापाशी, त्यामुळं आमच्यावर पहिली गदा आली. वीस वर्षं ज्या हातांनी रोज बारीक काम केलं, ते हात दोन महिने नुसती कणीक मळत होते. पुण्यातल्या एका गृहस्थांनी आपल्या छोट्या आगगाड्यांचा पसारा आवरायला काढला होता. त्यांच्याकडून एक डिझेल इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ मागवले. इंजिन जेमतेम वीतभर, निळ्या रंगाचं.

"पोरांसाठी का, म्याडम?" पार्सल आणणाऱ्यानं विचारलं.

"नाही, माझ्यासाठी."

धाराशिवला आमचा दवाखाना खाली आणि घर वर. वरच्या मागच्या खोलीत टेबलावर प्लायवूड टाकून मी रूळ मांडले. इंजिन छान धावायचं, पण त्याचा आवाज थेट माझ्या ड्रिलसारखा. बारीक, एकसुरी, दातात शिरणारा. दवाखाना उघडल्यावर दिवसभर खाली तोच ऐकायचा आणि संध्याकाळी वर येऊन हौसेनं पुन्हा तोच. मला खऱ्या इंजिनाची घरघर हवी होती.

त्यासाठी इंजिनात डिकोडर बसवावा लागतो. डिकोडर म्हणजे नखाएवढी सर्किटची पाटी. रुळांतूनच तिला हुकूम जातात. मग ती मोटार फिरवते, दिवे लावते आणि आत साठवलेले आवाज एका चिमुकल्या स्पीकरमधून वाजवते. पहिला डिकोडर मी एका मिनिटात जाळला. जुन्या इंजिनांत मोटारीचं एक टोक लोखंडी सांगाड्याला टेकलेलं असतं, ते आधी सोडवून घ्यायचं असतं. हे मी वाचलं, पण जाळल्यावर. तेरखेड्याचा ओला फटाका लावल्यावर होतो तसा फुस्स आवाज झाला, मग वास.

"आला का आवाज?" नवऱ्यानं जिन्यातून विचारलं.

"आला आणि गेला," मी म्हणाले.

पुढं बरेच महिने ते इंजिन कपाटात होतं. दुसरा डिकोडर आणला तेव्हा मात्र रूट कॅनल करावं तशी सावकाश बसले. मोटार सांगाड्यापासून वेगळी केली, मध्ये पिवळी चिकटपट्टी लावली, मीटर लावून दोनदा तपासलं. स्पीकरला जागा करायला आतलं वजन कवळी घासायच्या चकतीनं कापलं. बटण दाबल्यावर इंजिन आधी खोकलं, मग घुरघुरायला लागलं. खोलीत मी एकटीच होते. टाळ्या वाजवल्या आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडं पाहिलं.

आवाज आल्यावर रूप खुपायला लागलं. कडेचे कठडे म्हणजे टूथब्रशच्या दांड्यांसारखे जाड प्लास्टिकचे. ते मी खरवडून काढले. सगळ्यात बारीक ड्रिलनं भोकं पाडली आणि दात सरळ करायची तार वाकवून नवे कठडे बसवायला घेतले. केबिनमध्ये बसवायला ड्रायव्हर हवा होता, तो कवळीच्या हिरड्यांच्या ॲक्रिलिकचा केला. रंग देईपर्यंत बिचारा नखशिखांत गुलाबी होता. हे काम मी खालीच, दवाखान्यातल्या दिव्याखाली करायची, दोन पेशंटच्या मधल्या वेळात.

गेल्या हिवाळ्यात असंच इंजिन ट्रेमध्ये राहिलं आणि एक नवे पेशंट आत आले. ऐंशीच्या घरातले, अंगानं सडपातळ, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, तोंडात एकही दात नाही. बरोबर त्यांची बायको. कवळी करून घ्यायची होती. मी त्यांना चाचा म्हटलं, त्यांच्या बायकोला चाची. मी काही विचारलं की उत्तर चाचीच द्यायच्या.

"डाव्या बाजूनं बोला, डॉक्टरबाई. मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "उजवा कान गेलाय. डाव्यातबी थोडंच उरलंय."

चाचांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ते ट्रेकडं बघत होते.

"हे इंजन इथं कसं काय?"

मी डाव्या कानाशी वाकून सांगितलं, "माझं आहे. तुम्हाला आवडतात का?"

"आवडतात?" चाची हसल्या. "चाळीस वर्षं तेच चालवलं त्यांनी. आधी येडशीची अरुंद रुळांवरची छोटी गाडी, मग मोठी."

चाचांनी इंजिन उचललं. दोन्ही हातांत आडवं धरलं, जसं लहान बाळ धरतात. मग बोळक्या तोंडानं एकेक चूक काढायला सुरुवात केली. कठडे बरोबर हायेत, पण रंग लई नवा. छतावर धूर निघतो तिथं काळं पाहिजे, तिथून मागं पसरत गेलेलं. खाली चाकांपाशी ब्रेकची तांबूस धूळ. दाराच्या दांडीचा रंग हात लावून लावून उडालेला. "ड्रायव्हरच्या खिडकीखाली बगा, तेलकट डाग पाहिजे. कोपर टेकतो आमी तिथं."

मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हे सगळं लिहून घेतलं. मग मोठ्या उत्साहानं इंजिन टेबलावर चाचणीसाठी जोडून ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि आवाज सुरू केला. पूर्ण मोठा. बाहेर बसलेली तामलवाडीची पेशंट दारातून डोकावली.

चाचा थांबून होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लावलं का?"

आयुष्यभर ज्या आवाजाशेजारी बसून त्यांचे कान गेले, तोच आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. मी बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात अडवला आणि आपला तळवा इंजिनाच्या छतावर ठेवला. डोळे मिटले.

"चालू हाय," ते म्हणाले. मग मान हलवली. "पण हे आपलं न्हाय. लई घाईत फिरतंय. आपलं उभं असलं की असं धग... धग... धग करतंय."

त्यांनी तळव्यानं खुर्चीच्या हातावर तो ठेका धरून दाखवला. मी डिकोडरचं खोकं काढून बघितलं. आतले आवाज खरंच परदेशी इंजिनाचे होते. त्यात एक घंटापण होती. ती वाजवली तेव्हा चाची म्हणाल्या, "ही कशाला? शाळा सुटली का?"

त्या दिवशी कवळीचं माप घेतलं, आणि इंजिनाला आपला आवाज घालायचं ठरलं. डिकोडरमध्ये आपण ध्वनिमुद्रित केलेले आवाज भरता येतात. प्रश्न होता आवाज आणायचा कुठून. आमच्या मार्गावर आता वरून विजेच्या तारा आल्यात, डिझेल इंजिन दिसणं दुर्मीळ. चाचा म्हणाले, "खडीच्या गाडीला डिझेल लागतंय अजून. मी बगतो." त्यांच्या जुन्या ओळखी होत्या. चाची फोनवर बोलायच्या आणि ते शेजारी बसून काय विचारायचं ते सांगायचे. पंधरा दिवसांनी, मेणाच्या साच्यातले दात लावून बघायला आले तेव्हा, त्यांनी बातमी आणली. रविवारी सकाळी खडीची गाडी येणार, फाटकाच्या अलीकडं थांबून पुढं जाणार.

रविवारी आम्ही तिघं माझ्या कारनं रेल्वेच्या फाटकाजवळ गेलो. रेल्वेच्या हद्दीत शिरायचं नाही, अशी चाचांची सक्त ताकीद होती. "नियम म्हंजे नियम." म्हणून कुंपणाबाहेर हरभऱ्याच्या रानाच्या बांधावर उभे राहिलो. वारा होता. माईकला मी दवाखान्यातला कापूस गुंडाळला होता. समोर इंजिन उभं होतं, मागं खडीच्या वाघिणी, आणि ठेका अगदी चाचांनी दाखवला होता तसाच होता. धग, धग, धग.

चाचांना ऐकू येत नव्हतं, पण ते धूर बघत होते. सिग्नल मिळाला. त्यांनी एक बोट वर केलं. पहिला नॉच, म्हणजे वेगाचा पहिला खटका. इंजिनाचा सूर बदलला तो त्यांच्या बोटानंतर. मग दोन बोटं, तीन. छतावरचा धूर दाट झाला की त्यांचं पुढचं बोट आधीच वर जायचं, आणि मी वहीत वेळ टिपायची. पाच बोटं झाली तेव्हा गाडी आमच्या समोरून जायला लागली. पायाखालचा बांध थरथरत होता. चाचांनी चपला काढल्या आणि अनवाणी उभे राहिले.

केबिनमधल्या ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं. चाचांनी ड्रायव्हर एकमेकांना दाखवतात तसा उजवा हात उचलून सरळ धरला, नुसता हलवला नाही. ड्रायव्हर क्षणभर बघत राहिला, मग त्यानंही तसाच हात बाहेर काढला आणि हॉर्न दिला. मी दचकले. हरभऱ्यातले पक्षी उडाले.

गाडी गेल्यावर चाचांनी विचारलं, "दिला का त्यानं?"

"दिला," मी कानाशी ओरडले.

"लांब का आखूड?"

"लांब."

"हां," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चाचींनी त्या पायाशी सरकवल्या.

ते आवाज कापून, साफ करून, एकमेकांना जोडून डिकोडरमध्ये भरायला मला महिना लागला. वाऱ्याचा घोंघाट काढला की इंजिनाचा घसाच बसायचा. मध्येच एका ठिकाणी चाचींचं "बाई गं" आलं होतं, ते काढायला सगळ्यात अवघड गेलं. दरम्यान इंजिनाला धूळ चढली, छत काळं झालं, खिडकीखाली कोपराचा तेलकट डाग पडला. कवळीही झाली. पहिल्या दिवशी चाचा बोलले की शिट्टी वाजायची. दोनदा घासून ती बसवून दिली.

मग एका दुपारी दोघांना वर बोलावलं. चाची गुडघ्यांमुळं प्रत्येक पायरीवर थांबत आल्या. चाचांनी तळवा छतावर ठेवला, मी इंजिन सुरू केलं.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. एवढंच. पण हात काढला नाही.

मी हॉर्न वाजवला. चाची लगेच म्हणाल्या, "हा तुमचा न्हाय."

चाचांना ते ऐकू गेलं नाही. मी डाव्या कानाशी सांगितलं, "चाची म्हणतात, हा तुमचा हॉर्न नाही."

"तिला काय म्हाईत हॉर्नातलं?"

"म्हाईत न्हाय कसं?" चाची म्हणाल्या. "क्वार्टरात बसून काय करत होते मी? ह्यांचा लांब असायचा आणि शेवटी जरासा तुटायचा. फाटकापाशी तो आला की मी तवा ठेवायची."

हेही मी त्यांच्या कानाशी पोचवलं. शब्दाला शब्द. दुसऱ्याच्या संसारातली गोष्ट मोठ्यानं ओरडून सांगताना मला संकोच वाटत होता.

चाचा बायकोकडं वळले. "ड्यूटीवरनं आलो की भाकरी गरम असायची. मला वाटायचं, हिला टाईमटेबल पाठ हाय."

"टाईमटेबलावर तुमची गाडी कधी आली होती?" चाची म्हणाल्या.

हे मला सांगावं लागलं नाही. त्यांचे ओठ बघूनच चाचांना कळलं असावं, कारण ते नव्या कवळीसकट मोकळं हसले. मग त्यांनी हवेत हात धरून दाखवलं. हॉर्नची दांडी सोडताना त्यांच्या मनगटाला एक हिसका असायचा, खूप जुन्या दुखण्यामुळं. म्हणून शेवट तुटायचा. त्यांना स्वतःला हे कधी ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी लक्षात नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला. हॉर्नचा शेवट थोडा कापला, वाजवला. "अजून," चाची म्हणाल्या. पुन्हा कापला. "लई झालं." परत थोडा जोडला. पाच-सहा वेळा असं झाल्यावर त्यांनी हात वर केला. "बस. हाच."

चाचा तळव्यानं तो हॉर्न पुन्हा पुन्हा बघत होते. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि गाडी त्यांनीच चालवली, अगदी हळू, वळणाआधी हॉर्न देत. चहा झाला. बिस्किट त्यांनी न बुडवता खाल्लं आणि मला मुद्दाम दाखवलं.

जायच्या वेळी चाची जिन्याच्या तोंडाशी थांबल्या.

"डॉक्टरबाई, आलेच हाय तर माझी पण एक दाढ बघा की. सहा महिने झाले दुखतीया."

"मग आधी का नाही बोललात?"

"ह्यांचे दात चालले होते ना," त्या म्हणाल्या.

खाली जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं. दाढ किडली होती, पण मुळापर्यंत गेली नव्हती. काढावी लागली नाही, भरून दिली.