बर्सर्क

माझ्या वडिलांना आमच्या सोसायटीनं धोकादायक ठरवलं, ते केवळ माझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून.

मी सावेडीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आमचे तात्या मूळचे कर्जतकडचे. वय अठ्ठ्याहत्तर, वजन जेमतेम पन्नास किलो (धोतर आणि टोपी धरून). उभा जन्म शेतात गेला, पण बैलावरही त्यांनी कधी आसूड उगारला नाही. गेल्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना फ्लॅटवर घेऊन आलो. येताना त्यांनी स्वतःची दोन धोतरं आणली आणि आईच्या लुगड्यांचं एक गाठोडं. ते त्यांनी दिवाणाखाली सरकवलं. कशाला आणलं ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ते गाठोडं माझ्या हाती लागलं. शुभांगी, माझी बायको, म्हणाली की तात्यांना विचारून मगच काय ते करा. तात्या खाली गेटजवळच्या बाकावर ऊन खात बसले होते. मी म्हटलं, उगाच कशाला आठवण करून द्यायची त्यांना. (असा समंजसपणा मला फार लवकर सुचतो.) तेवढ्यात जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई दारात आली. मी चांगली घासाघीस केली आणि आईच्या सात लुगड्यांवर एक झाकणाचा डबा मिळवला. डबा जाड होता. मी खूश होतो.

पुढचं सगळं मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं. भांडीवाली गेटपाशी पोचली आणि तिच्या गाठोड्यातून लोंबणारा हिरवा काठ तात्यांना दिसला. ते उठले आणि धावले. तात्यांना धावताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी गाठोडं धरलं, बाई तिकडून ओढायला लागली. वॉचमन मधे पडला, तर तात्यांनी त्याची प्लास्टिकची खुर्ची उचलून भिरकावली. बाईची पाटी उलटली, भांडी चौफेर उधळली, आणि एक पातेलं घरंगळत जाऊन चेअरमनच्या नव्या गाडीवर आदळलं. तात्या काहीतरी ओरडत होते, पण वर नुसता आवाज येत होता, शब्द नाही. मी खाली पोचलो तेव्हा ते गाठोड्यावर मांडी घालून बसले होते आणि भांडीवाली लांबूनच हात जोडत होती. मी तिची भांडी गोळा करून दिली, डबाही परत दिला.

चेअरमननी लेखी खुलासा मागितला. मराठीत दिला असता तरी चाललं असतं. पण सोसायटीत मला सगळे ‘सर’ म्हणतात, तेव्हा मी इंग्रजीत लिहिला. ‘माय फादर वेंट बर्सर्क.’ तात्या रागावले, एवढंच लिहिता आलं असतं, पण ते आठवीतली मुलं लिहितात.

पत्र सोसायटीच्या ग्रुपवर आलं. कुणीतरी मोबाईलवर अर्थ शोधला: बेभान होऊन हिंसा करणे. दुसऱ्या एकानं ‘पिसाळणे’ असा सोपा शब्द सुचवला. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सविस्तर लिहिलं, की हा शब्द थंड मुलखातल्या जुन्या योद्ध्यांवरून आला, ते अस्वलाचं कातडं पांघरून लढत, आपला-परका ओळखत नसत, आणि हा शब्द नेहमी ‘गो’ या क्रियापदाबरोबर वापरावा. क्रियापदाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अस्वल मात्र सगळ्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवायला लागला. समोरच्या वहिनी तात्या दिसले की पोरांना आत ओढायच्या. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, त्यांना काही इंजेक्शन वगैरे चालू आहे का, अशी आपुलकीनं चौकशी केली. तात्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एकदा जेवताना शुभांगीला म्हणाले, “शहरातली मानसं लई मान देत्यात गं. म्या आलो की सगळी लिफ्ट रिकामी करत्यात.”

शुभांगी ताटावरून उठून आत गेली. मी भाजी वाढून घेतली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. तात्यांनाही बोलावलं होतं. ते धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. चेअरमननी पत्र मोठ्यानं वाचलं. तात्यांना ‘फादर’ तेवढं कळलं. ते माझ्याकडे वळले.

“बर्सर्क म्हंजे काय रं?”

वीस-बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. अठरा वर्षं मी शब्दांचे अर्थ सांगतोय, त्यातला मवाळ तेवढा निवडला. मी म्हणालो, “म्हणजे... खूप राग येणं, तात्या. भान न राहणं.”

त्यांनी जरा विचार केला.

“मग चुकलं बाबा तुझं,” ते म्हणाले. “राग न्हवता आला मला. म्या रडत हुतो.”

तात्या उठले, चेअरमनपुढे हात जोडून म्हणाले की गाडीला लागलं, ते वाईट झालं. मग वॉचमनकडे जाऊन त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. चेअरमननी चष्मा काढून पुसला आणि पत्र माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, सर, यात दुरुस्ती करून द्या.

मी तिथेच, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, शेवटचे दोन शब्द खोडले आणि वाक्य नव्यानं लिहिलं. ‘माय फादर क्राइड.’ हे वाक्य पाचवीतल्या पोरालाही येतं. मला एम.ए.ला फर्स्ट क्लास होता, म्हणून सुचलं नाही.