गुंडूरावांच्या घरात गरोदर कोणी नाही

आमचे हे, म्हणजे गुंडूराव, न पोळताच ताक फुंकून पिणारे. बनशंकरीत आमचं पडद्यांच्या कापडाचं दुकान, तीन पिढ्या बंगळुरात गेल्या, पण शेजारच्या दुकानदारानं ‘जेवलात का अण्णा’ म्हटलं तरी यांना प्रश्न, याला माझ्या जेवणाची का पडलीय? गॅसवाला आला की हे वजनकाटा घेऊन दारात. यांच्या वतीनं लोकांची माफी मागण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

मागच्या वर्षी महापालिकेच्या शाळेत सभा झाली. कुणी मुद्दाम पावडरीतून अँथ्रॅक्सचे जंतू पसरवले तर काय करायचं, ती योजना सांगायला. गुरांना होतो तोच रोग, काळपुळी म्हणतात ती. श्वासातून आत गेला तर माणूस हातचा जातो, पण गोळ्या वेळेत सुरू केल्या तर वाचू शकतो. म्हणून घरटी एकानं शाळेत यायचं, घरात कोण कोण आहे ते सांगायचं आणि सगळ्यांच्या गोळ्या न्यायच्या. गरोदर बाईला गोळी वेगळी, हेही त्यांनी बजावलं. झालं, हे उभे राहिले. रोग ठरला, औषध ठरलं, रांग ठरली, मग पावडर टाकणाराही ठरलेलाच असेल, असं भर सभेत म्हणाले. नर्स वीणाबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मी मान खाली घातली.

आता आमची सून काव्या. दोनदा तिचा गर्भ टिकला नाही. दुसऱ्या वेळी यांनी तिची उलटतपासणी घेतली: स्कूटरवरून कुठं गेली होतीस, पपई खाल्लीस का, ऑफिसात काय उचललंस. पोरगी रडली नाही, पण तेव्हापासून यांच्याशी कामापुरतंच बोलायची. यंदा पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं मला निक्षून सांगितलं, मामंजींना कळता कामा नये, या वेळी मला ते सोसायचं नाही. तसंही तीन महिने भरेपर्यंत आपल्यात वाच्यता करत नाहीत. मी ‘सरी, बरं’ म्हटलं. तिच्या नवऱ्याला, आमच्या गिरीधरला, अर्थातच ठाऊक होतं, आणि भांडीवाल्या अंबूबाईलाही, कारण तिच्यापासून ओकाऱ्या कशा लपणार?

आणि परवा आमच्या गल्लीतल्या कुरिअरच्या गोदामात पाकीट फुटून पांढरी पावडर उडाली. सोबत धमकीची चिठ्ठी. पुढं ती पावडर साधीच निघाली, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? निकाल येईपर्यंत आसपासच्या घरांनी गोळ्या सुरू करा, असा हुकूम आला आणि शाळेपुढं रांग लागली.

हे गेले ते दुपारी परतले. गोळी कुठली, मुदत कधी संपते, आधी तुम्ही खाऊन दाखवा, असा वीणाबाईंचा जीव खाऊन आले होते. जन्मात पहिल्यांदा यांची कशावर तरी खात्री पटली होती, आणि पटली तीही नेमकी या गोळीवर. मला कौतुकानं सांगतात कसे,

“गरोदर कोणी आहे का विचारत होती. म्हटलं, कोणी नाही. असतं तर मला कळलं नसतं का?”

मी काव्याला गाठायला वळले. तोवर यांनी सगळ्यांना टेबलाशी बसवून हातात एकेक गोळी ठेवली होती. माझ्यासमोर गिळा म्हणाले, कुणाचा भरवसा नाही. गिरीधरनं गिळली. काव्यानं मूठ मिटली. यांच्या नजरेतून ते सुटतंय होय? लपवतेस काय, मूठ उघड, म्हणाले. काव्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग सरळ यांच्याकडे.

“मामंजी, मला ही गोळी चालायची नाही. मला दिवस गेलेत.”

यांनी गिरीधरकडे पाहिलं, तो पंख्याकडे बघत बसला. मग मला विचारलं, तुला माहीत होतं? मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात अंबूबाईनं नळ बंद करून यांची नजर चुकवली, तेव्हा तिलाही ठाऊक होतं हे यांना कळलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. पण यांनी काव्याच्या हातातली गोळी उचलून खिशात टाकली, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. मी मागोमाग.

शाळेत यांना पुन्हा बघून रांग कुजबुजायला लागली. अण्णा जास्तीच्या गोळ्या लाटायला आले, असं कोणीतरी मोठ्यानंच म्हणालं. हे एरवी भांडले असते. आज रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले, आणि पाळी आल्यावर साऱ्या गल्लीसमोर म्हणाले, मघाशी चुकीचं सांगितलं, सुनेला दिवस गेलेत, गोळी बदलून द्या. वीणाबाईंनी विचारलं, कितवा महिना? यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरा, मी म्हटलं. वीणाबाईंनी दुसरं पाकीट काढलं, आणि घरात आणखी कुणाला काही आजार, काही त्रास, असं पुन्हा विचारायला लागल्या.

हे बाजूला सरकले आणि मला पुढं केलं.

“हिला विचारा. माझ्या घरात मला कोणी काही सांगत नाही.”