कळसावर फुटलेली लाँच

नाथाजीला कचेरीत सगळे अडाणी म्हणायचे. या अडाण्याचं गाव कोयनेच्या धरणात बुडालं आणि पुढे त्याच पाण्यावर सरकारी लाँच चालवायची नोकरी त्याला मिळाली. दहा वर्षांत त्यानं एकाही माणसाचा सदरा ओला होऊ दिला नव्हता. पाण्याखाली चिंच कुठे, विहीर कुठे, देऊळ कुठे, सगळं त्याला तोंडपाठ.

देवळावरून तो लाँच कधीच नेत नसे. देवाच्या डोक्यावरून पाय न्यायचा नाही, म्हणून टोपी काढून लांबून वळसा घाली. त्याच्या गावचे सगळेच तसं करत.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात पाणी फार उतरलं होतं. नवे साहेब आणि त्यांचा शिपाई आकाराम लाँचीत बसले. पलीकडच्या काठाला कोंबडी शिजत होती आणि साहेबांना धीर निघेना.

"सरळ घे रे. तुझा देव केव्हाच बुडाला."

"सायेब, कळस हातभरच खाली हाय. लाँच फुटंल."

"मला शिकवतोस?" म्हणत साहेबांनी स्वतःच चाक फिरवलं.

कळसानं तळ फाडला. नाथाजीनं साहेबांच्या हाती फळी दिली आणि तो मागे वळला, तोवर आकाराम बुडाला होता. त्याला पोहता येत नव्हतं.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी नाथाजीला बाजूला घेतलं. कारकून म्हणून मी तिथेच कागद लावत होतो. साहेबांना माझी कसली लाज!

"आकाराम पिऊन उभा राहिला, म्हणून लाँच कलंडली. एवढं सांग. नोकरी राहील."

आकारामच्या गळ्यात माळ होती. त्यानं उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता.

"आमचं गाव बुडवलंसा तवा गप बसलो," नाथाजी म्हणाला. "मेल्या मानसाला न्हाई बुडवनार. त्याच्या बायकूनं, बनुबाईनं, गावात कंच्या तोंडानं फिरायचं?"

नाथाजीची नोकरी गेली आणि साहेब वरच्या जागेवर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

अहवाल मात्र साहेबांना हवा तसाच झाला. आकाराम दारू प्यायला होता, हे वाक्य मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. आपल्याला चार पोरं आहेत, असं तेव्हा मनाला समजावलं. नाथाजीलाही चारच होती.