हरेलीचा चीला आणि वाफेचा रोलर

दोस्तहो, हाताचं ग्रीस धुतलं अन् लगेच लिहून राहिलो.

आज हरेली, म्हणजे इकडे छत्तीसगढात शेतीची अवजारं धुऊन पुजायचा दिवस. जुनवानीच्या पुढच्या गावात आमचं जुन्या अवजारांचं अन् यंत्रांचं छोटंसं म्युझियम आहे. तिथं सकाळीच गावातल्या सुखवती काकी आल्या. त्यांनीच दिलेल्या जुन्या नांगराले टिळा लावला, गुळाचा चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं गोड धिरडं, ठेवला. मग निघाल्या सरळ वाफेच्या रोलरकडे. तो यंदाच आम्ही भंगारातून सोडवून आणला.

मी मधात आडवा गेलो. इथला मोठा प्लांट, म्हणजे कारखाना, बनून राहिला होता तेव्हा त्याच्या रस्त्यासाठी काकींचं धानाचं शेत याच रोलरनं दाबलं होतं.

म्हटलं, "काकी, याले राहू द्या."

काकी त्यांच्या छत्तीसगढीत मलेच झापायला लागल्या, "अवजारावर कायचा राग? भांडण चालवणाऱ्याशी होतं, ते मी तेव्हाच करून घेतलं!" अन् उरलेला चीला रोलरवर ठेवला.

रोलरच्या बोर्डावर मी ऐटीत 'विकासाचा साक्षीदार' लिहिलं होतं. ते पुसलं. आता तिथं आहे, 'हा सुखवतीबाईंच्या शेतावरून फिरला.' ज्याले पटत नसन त्यानं येऊन भांडावं, मी तिथंच आहो.

तुमच्या घरासमोरच्या रस्त्याखाली कोणाचं शेत आहे, कधी विचारलं का?