मधुरावहिनीचा सत्कार

माझी वहिनी, मधुरा, इथे उज्जैनच्या एका कॉलेजात ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवते आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवते. बारा वर्षं ती आणि तिचे विद्यार्थी जांभळाच्या बियांमागे लागलेत. त्यातून एक पदार्थ वेगळा काढायचा, त्याला इथे एक तुकडा जोडायचा, तिथला एक तोडायचा, मग तपासायचं. बहुतेक वेळा तळाशी काळं, चिकट काहीतरी उरतं. ते घासून टाकायचं की पुन्हा पहिल्यापासून. मी तर कधीच वेडी झाले असते बाई!

यंदा मात्र पांढरी पूड हाती लागली. पोटात पिठाची साखर करणारं जे एन्झाइम असतं, त्याला ती अडवते. कुठे? काचेच्या नळीत. माणूस सोडा, अजून उंदरालासुद्धा दिलेली नाही. पण एका पेपरात मोठ्ठं छापून आलं, 'उज्जैन की बहू ने खोजी शुगर की दवा'.

झालं! माझी आई हवेतच. राम घाटावरच्या भजनी बायकांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आली. मराठी मंडळानं सत्कार ठरवला.

सत्काराच्या दिवशी सकाळी आईला गरगरलं. वहिनीनं मशीनवर तिच्या रक्तातली साखर पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, शुगरच्या गोळ्या घेताय ना?"

"बंद केल्या," आई थाटात म्हणाली. "तुझं औषध येतंच आहे, मग हे विष कशाला?"

"अहो, ते औषध नाहीये!"

"मोठी माणसं अशीच बोलतात," आई मला डोळा मारत म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं, रागावले, गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितलं. आईनं गोळी पदराआड लपवली. मी पाहिलं, भांडले, काही उपयोग नाही. शेवटी गोळ्यांची पट्टी मी माझ्या पर्समध्ये टाकली. असा राग आला होता मला! साठीला आलेल्या आईच्या त्या हट्टापुढे मी रडलेसुद्धा.

संध्याकाळी हॉल खचाखच भरलेला. मंडळाचे अध्यक्ष सुधाकरकाकांनी वहिनीच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ दिला. वहिनी माइकपाशी गेली.

"पेपरातली बातमी चुकीची आहे. आम्ही औषध शोधलेलं नाही. कदाचित या पुडीचं कधीच औषध होणार नाही. माझ्यावर विसंबून कुणी गोळ्या बंद केल्या असतील, तर कृपा करून आजच सुरू करा."

मागून कुणीतरी बोललंच, "मग सत्कार कशाचा?"

वहिनीचे कान लाल झाले. माझा जीव तुटत होता. पण मी पाहत होते आईकडे. ती मान खाली घालून बसली होती, अगदी लहान झाल्यासारखी. मग तिनं माझ्यापुढे हात केला.

"अलका, गोळी दे."

तिनं सगळ्यांदेखत गोळी घेतली आणि मागे वळली. "अहल्या, मीच तुला बंद कर म्हटलं होतं. चुकलं माझं. घे बाई, तूही घे."

तिची मैत्रीण अहल्याबाई कसंनुसं हसल्या. "माझ्याकडे आहेत कुठे? मी तर फेकून दिल्या."

वहिनी तशीच स्टेजवरून उतरली. अहल्याबाईंना गोळ्यांचं नाव विचारलं आणि शाल खांद्यावर तशीच ठेवून टावर चौकातल्या मेडिकलकडे निघाली.