दोन लाख दिरहम

आमच्या गावकीत चहा कोणी पाजायचा यावरही ठराव होतो, आणि एकदा झाला की कोणाचा बाप आला तरी तो बदलत नाही. गावकी म्हणजे कोकणातल्या एकाच बौद्धवाडीतून नवी मुंबईत येऊन राहिलेली आमची घरं. शिवराम आमचे खजिनदार. कंपनीत बॉयलरवर त्यांची हयात गेली, त्यातून शिरवण्यात एक खोली झाली. लोकांच्या पैशातून त्यांनी कधी विडीसुद्धा ओढली नाही.

त्यांचा मुलगा प्रितम आखातात ट्रक चालवायचा. एका धुक्याच्या पहाटे त्याच्या ट्रकखाली एक मजूर गेला. तोही आपल्याकडचाच निघाला, परभणीकडचा ज्ञानू. कोर्टाने सांगितलं, मेलेल्याच्या वारसांसाठी दोन लाख दिरहम भरा, नाहीतर त्यांचा माफीनामा आणा. तोवर प्रितम तुरुंगात.

विहारात बैठक बसली. त्या दिवशीच्या भावाने दोन लाख दिरहमचे शेहेचाळीस लाख रुपये होत होते. शिवरामांचा कंपनीतला फंड, त्यांच्या बायकोचे म्हणजे गिरजावहिनींचे दागिने आणि बाकी घरटी वर्गणी, असा हिशेब धरून ठराव झाला. खुळेपणा तिथेच झाला. ठराव रुपयांत केला आणि देणं दिरहमचं होतं. रुपया चार आण्यांनी घसरला की पन्नास हजारांची भर पडायची. वर्गणी वाढवा म्हटलं तर उत्तर एकच, ठराव झालाय. ठरलेली वर्गणीही सगळ्या घरांतून आली नाही, शेवटी तीस लाखांवर गाडी अडली आणि तिकडे आकडा अठ्ठेचाळीसवर गेला.

वाशीला परकीय चलनाच्या दुकानात हितेश बसतो. तो म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? त्या बाईला तरी शेवटी रुपयेच मिळणार ना? तीस लाख तिच्या हातात ठेवा, माफीनाम्यावर सही घ्या. तिला दिरहमचा भाव कुठे माहितीय?"

घरी गिरजावहिनी म्हणाल्या, "तो सांगतो तसं करा. माझं पोर आधी आना." कोणत्या तोंडाने त्यांना दोष द्यावा? आई होती ती.

शिवराम परभणीकडे निघाले, सोबत मी. वाटेत ते तीस लाखांचंच बोलत होते, खोटं कशाला सांगू.

ज्ञानूच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या शेजारी ज्ञानूचा. त्याची बायको पुतळा, तिशीचीही नसेल. तिने 'जय भीम' केला, सतरंजी अंथरली. आम्ही कोण हे कळल्यावरही चहा ठेवला. शिवरामांनी रक्कम सांगितली. ती पदर सावरून त्यांच्याकडे वळली.

"बाबा, मला ह्यातलं काई कळत न्हाई. तुमी वडीलधारे, आपल्यातले, म्हनून तुमालाच इचारते. कोर्टानं जेवढं सांगितलं तेवढं पुरं हाय का हे?"

शिवरामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाय, पोरी," ते म्हणाले. "पुरे अठ्ठेचाळीस होतात. आमच्याकडं तीसच हायत."

मला वाटलं, आता ही रडेल आणि म्हणेल, असू द्या. तसं काही झालं नाही.

"मग पुरेच द्या, बाबा," ती म्हणाली. "दोन पोरी हायत मला."

शिवराम हात जोडून उठले.

गिरजावहिनी नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट समोर सरकवायच्या, एवढंच. शिवरामांनी खोली विकली. सगळे रुपये वाशीला दिरहम होऊन गेले आणि कोर्टातून फिरून पुन्हा रुपये होऊन पुतळाच्या खात्यात आले. जाताना दलालीचा कट, येताना पुन्हा कट.

प्रितम सुटला. उरणच्या भाड्याच्या खोलीत तो आला त्याच आठवड्यात पुतळाचा फोन आला. शिवरामांनी माझ्यासमोरच स्पीकर लावला.

"बाबा, पैसे मिळाले. तुमचा मुलगा आला का?"

"आला."

प्रितम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा गिरजावहिनींनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"पुतळा," त्या म्हणाल्या, "पोरींची नावं काय गं?"