दारात काय ठेवलंस?

कागद समोर आला की बाई पेन्सिलीचं बूड त्याच्या डाव्या कडेवर आपटायच्या. "वाचणारा इथून आत शिरतो. दारात काय ठेवलंस?"

दारात बहुधा नको तेच असायचं, आणि ते ठेवणारा बहुधा मी. तहसील कचेरीत आम्ही शेजारी बसायचो. मी नवा कारकून, त्या जुन्या टायपिस्ट. माझ्या लग्नाची पत्रिका कौतुकानं त्यांच्या हातात दिली. वर कुलदैवत, मग आजोबा, मग काकांची पलटण.

"लगीन कवा हाय रे?"

"खाली, कोपऱ्यात बगा की बाई."

"मग काकालाच उभं कर बोहल्यावर!"

घरात आजही मी गोष्ट सांगायला बसलो की बायको म्हणते, "अहो, मेलं कोण ते आधी सांगा." तर बाईंसारख्या माणसाला तुम्ही खडूस म्हणाल. मीही म्हणायचो, दुष्काळ पडेपर्यंत.

नवा जिल्हा नुकताच झाला होता. शिक्के नवे, खुर्च्या नव्या. विहिरी मात्र जुन्या आणि कोरड्या. टँकरची यादी रोज फलकावर लागायची. बाई पहिल्या रकान्यात गाव टाइप करायच्या, दुसऱ्यात वेळ, मग बाकीचं. एक दिवस वरून नवा नमुना आला. आधी आदेश क्रमांक, मग मंजुरीचं पत्र, टँकरचा नंबर, चालक, खेपा. गाव आणि वेळ पार उजवीकडे, शेवटी.

बाई साहेबांपुढं उभ्या राहिल्या. "साहेब, ह्ये बिलासाठी हाय का तहानलेल्यासाठी?"

"वरून आलंय, बाई. रकाने हलवायचे नाहीत."

बाईंनी टाइप केलं. बटणं अशी हाणत होत्या की माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळला. कागद झाला लांबलचक, आणि आमचा जाळीचा फलक अरुंद. शिपाई मोठा नीटस माणूस. त्यानं उजवी बाजू सुबक घडी घालून मागं दुमडली, कागद आत बसवला आणि कुलूप लावलं.

गाव आणि वेळ घडीच्या मागं. आम्ही सगळे येता-जाता तो फलक बघत होतो. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका वाडीवरच्या बाया आल्या. रिकाम्या घागरी त्यांनी कचेरीच्या पायरीवर आपटल्या. टँकर येऊन गेला होता. सगळी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, घागर लावायला कुणी नाही. चालकानं हॉर्न वाजवला आणि पाणी पुढच्या गावाला नेलं.

"कवा येनार ते कुनी सांगितलं आमाला?" पुढची म्हणाली. "घरात लेकरू तापलंय. काय पाजू त्याला?"

"फलकावर लावलं होतं," साहेब म्हणाले.

"दावा की मग! कुठं हाय आमची वाडी?"

शिपायानं कुलूप काढलं, घडी उलगडली. वाडी होती, वेळही होती. साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! माहिती पूर्ण आहे."

तेव्हा बाई उठल्या. तो कागद त्यांनी साहेबांच्या हातातून ओढला आणि कात्रीनं उभा चिरला. गाव आणि वेळ डावीकडे, आदेश क्रमांक पार टोकाला, असा डिंकानं चिकटवला. "साहेब, नमुन्याला तहान लागत न्हाई. आता दुमडा काय दुमडायचं ते. आन् ह्यांचा टँकर आज परत पाठवा, त्याबिगर मी खुर्चीत बसनार न्हाई."

टँकर संध्याकाळी गेला. बाईंना मेमो मिळाला, मग बदली. नमुना तसाच राहिला. त्याचा राग मला अजून येतो. मी त्या दिवशी नुसता चहा पुसत बसलो होतो, त्याचाही येतो.

निवृत्त होऊन बाई नांदेडला राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर निरोप आला. 'अत्यंत दुःखद', मग बाईंची पदं, बदल्यांची गावं, शोकाकुल मंडळींची नावं. मला रडू फुटलं. पुढचं न बघता मी लातूरहून गाडी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा 'आणखी वाचा'वर बोट ठेवलं. तळाशी एक ओळ होती. माती सकाळी दहाला.

अकरा वाजून गेले होते. मोबाईल खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला.

दफनभूमीत पोचलो तेव्हा लोक घरी गेले होते. माती ओली होती, वर बेलाची पानं. वाटेत मनाशी पुष्कळ जुळवलं होतं, कचेरीपासून, पत्रिकेपासून. ते सगळं मागं सारलं आणि जे आधी सांगायचं तेच आधी सांगितलं.

"बाई, उशीर झाला."